मॉरोविंडचा सातबारा

मे महिन्यात चार दिवस दारव्ह्याला होतो. दुपारचे दोन, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, घरात कूलरची घरघर. मोबाइल वाजला. एका ऑनलाइन दुकानाचा निरोप होता, 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेवर साठ टक्के सूट. पाठोपाठ कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच सेलचा स्क्रीनशॉट पडला आणि खाली एकाचा मेसेज, "घेऊन टाका बे. मॉरोविंड पाचशेच्या आतबाहेर. फुकटच समजा."

मी लिहिलं, "फुकट असला तरी तुझा होणार आहे का?"

झालं. दोन तास जुंपली. मी कंजूस आहे, मी कम्युनिस्ट झालोय, मी लहानपणी पायरेटेड गेम खेळलो आणि आता पुण्यात पगार घेऊन तत्त्वज्ञान सांगतोय. शेवटचा आरोप खरा आहे, त्यावर येतोच. ग्रुपवर मला नीट मांडता आलं नाही, कारण ग्रुपवर कुणालाच काही नीट मांडता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

म्हणणं एवढंच आहे. जुना गेम पुन्हा बाजारात येतो तेव्हा आपण फक्त किमतीवर बोलतो. कितीला मिळाला, किती टक्के पडले, थांबलो असतो तर अजून उतरला असता का. पण मिळालं काय, हे कुणी विचारत नाही. ती प्रत माझ्याकडे राहणार आहे का? ती उघडता येते का? तिच्यात हात घालता येतो का? आणि हे प्रश्न जर्मन किंवा फ्रेंच पोरापेक्षा मराठी पोराला जास्त जवळचे असायला हवेत. कारण आपल्या भाषेत हे गेम कुणी आणून देणार नाही. आणायचेच असतील तर फायली उघडून आपल्यालाच आणावे लागतील.

ज्यांनी मॉरोविंड खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा २००२ सालचा गेम. तुम्ही कैदी असता. जहाजातून तुम्हाला व्हार्डनफेल नावाच्या बेटावर सेडा नीन या दलदलीतल्या खेड्यात उतरवतात, कागदपत्रं करतात आणि सोडून देतात. पुढे सगळं बेट मोकळं. कुठेही जा, काहीही करा, चोर व्हा, पुजारी व्हा, मुख्य कथेकडे वर्षभर ढुंकून पाहू नका. आज याला ओपन वर्ल्ड म्हणतात आणि दर दुसऱ्या गेममध्ये ते असतं. पण मॉरोविंडमध्ये एक गोष्ट आहे जी पुढे या मालिकेनेही सोडून दिली. त्यात बाण नाही. कुठे जायचं ते नकाशावर चमकत नाही. माणसं तोंडाने रस्ता सांगतात, तो तुमच्या डायरीत लिहिला जातो, आणि तुम्ही वाचत वाचत जायचं. नदी ओलांडायची, पाट्यांपाशी वळायचं, टेकडी चढून एका कोरड्या खोऱ्यात उतरायचं आणि तिथे जुना पूल शोधायचा. चुकलात तर चुकलात.

आमच्याकडे वावरात जायचा रस्ता असाच सांगतात. पांदणीनं सरळ जाय, नाला लागला की डाव्या हाताला धुऱ्यानं वर चढ, मोहाचं झाड आलं की इचार. गुगलच्या नकाशात त्यातलं काहीच नसतं. मॉरोविंड हा मी पाहिलेला पहिला गेम, ज्यातली माणसं माझ्या आजोबांसारखा रस्ता सांगायची. फक्त ती इंग्रजीत सांगायची.

साल २००९, मी बारा वर्षांचा. बसस्टँडच्या बाजूला एक सायबर कॅफे होता, पाच कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये. मालकाने नागपूरहून आणलेल्या डीव्हीडीतून गेम टाकलेले. त्या डीव्हीडीवर मार्कर पेनने नुसतं 'गेम ७' लिहिलं होतं. तो पायरेटेड होता हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काही फरक पडला नसता, कारण खरी डबी विकणारं दुकान दारव्ह्यातच काय, यवतमाळलाही माझ्या पाहण्यात नव्हतं. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं, आणि मालक पैसे मात्र पूर्ण तासाचे घ्यायचा.

आम्ही तिघं एका खुर्चीवर बसायचो. त्या बेटावर लोकांना वाहून नेणारे अजस्र किडे आहेत, लांबच लांब पायांचे, सिल्ट स्ट्रायडर नावाचे. आम्ही त्याला 'शकुंतला' म्हणायचो. ठरलेल्या गावांनाच जातं, मग नाव दुसरं काय ठेवणार? पण त्या शकुंतलेतून बालमोराला उतरल्यावर पुढे आमचं घोडं अडायचं. डायरीत रस्ता लिहिलेला असायचा आणि आम्हा तिघांपैकी कुणालाच तो धड कळायचा नाही. मराठी शाळा, सातवी. 'रिव्हर' कळायचं, 'ब्रिज' कळायचं, मधलं सगळं धुकं. तीन उन्हाळ्यांत आम्ही मुख्य कथेतलं पहिलं कामसुद्धा पूर्ण केलं नाही. बेटभर हिंडलो, खेकडे मारले, लोकांच्या घरातून भांडी चोरली. मजा आली, नाही असं नाही. पण गोष्ट आम्हाला आत घेत नव्हती, हे तेव्हाही कळत होतं.

पुढे इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी. २०१९ मध्ये पहिला पगार झाला त्या आठवड्यात मी मॉरोविंड विकत घेतला. सेलमध्येच. पापक्षालन म्हणा. एका दुकानावर खातं उघडलं, तिथे आणखी दोन-तीन जुने गेम घेतले. दोन वर्षांनी नंबर बदलला, ओटीपी जुन्या नंबरवर जाऊ लागला, ईमेल झाले, ओळखपत्रं पाठवून झाली, आणि शेवटी खातं गेलं ते गेलंच. कॅफेतली 'गेम ७' ची डीव्हीडी मात्र अजूनही कुठेतरी ड्रॉवरमध्ये असेल आणि कदाचित चालतही असेल. चोरीचा माल टिकला, पैसे देऊन घेतलेला नाही टिकला. पायरसीचं समर्थन करायचं नाही, पण ही तुलना करायला मला कुणी भाग पाडलं?

चूक माझी होती, असं ग्रुपवरचा एकजण म्हणाला. नंबर बदलताना खात्यात बदलायला हवा होता. मान्य. पण भाजीवाल्याला मी नंबर कळवला नाही म्हणून तो माझ्या फ्रिजमधली मेथी परत नेत नाही.

खरं तर मी ते 'विकत' घेतलंच नव्हतं. या दुकानांच्या अटींत पहिल्यापासून लिहिलंय की तुम्हाला परवाना मिळतो, मालकी नाही. बटणावर मात्र 'खरेदी करा' असतं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, की परवाना देत असाल तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने पैसे भरायच्या पानावर ती ओळ टाकली. लोकांना धक्का बसला. मला नाही बसला, कारण मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. सातबारावर नाव असणं आणि वावर ठेक्यानं करणं यातला फरक आमच्याकडे पाचवीतल्या पोराला कळतो. ठेक्यानं घेतलेल्या वावरात तुम्ही पेरता, डवरता, कापूस वेचता, सगळं करता. एक गोष्ट करत नाही. विहीर खोदत नाही. पुढच्या वर्षी वावर कुणाकडे असेल माहीत नसताना विहिरीत पैसे कोण घालेल?

दारव्ह्याला तर मोठं उदाहरण गावातच आहे. आमची खरी शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी अरुंद रूळ, मध्ये दारव्हा मोतीबाग स्टेशन. हे रूळ टाकले किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेने, कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही लाइन त्यातून सुटली. गाडी भारतीय रेल्वेची, प्रवासी गावचे, रूळ कंपनीचे. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांत कोण पैसा घालणार, असं गावात म्हातारी माणसं म्हणायची. गाडी हळूहळू होत गेली आणि मग बंद पडली. तिकीट स्वस्त होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. भरपूर स्वस्त होतं.

आता पुन्हा बाजारात येणाऱ्या गेमांकडे बघा. 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ ला आला. २०१६ मध्ये स्पेशल एडिशन. २०१७ मध्ये स्विचवर, त्याच महिन्यात व्हीआरवर. २०२१ मध्ये दहावा वाढदिवस म्हणून अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन. २०१८ मध्ये तर कंपनीने स्वतःचीच थट्टा करत अ‍ॅलेक्सावर बोलून खेळायचा स्कायरिम काढला. मग २२ एप्रिल २०२५ ला 'ऑब्लिव्हियन'ची रीमास्टर्ड आवृत्ती आली, जाहीर झाली त्याच दिवशी विक्रीला, पन्नास डॉलरला. मूळ ऑब्लिव्हियनमध्ये २००६ साली अडीच डॉलरला घोड्याचं चिलखत विकलं होतं, तेव्हा जगभर लोकांनी शिव्या घातल्या होत्या. एकोणीस वर्षांनी रीमास्टरच्या महागड्या आवृत्तीत पुन्हा घोड्याचं चिलखत आहे. या वेळी लोकांनी कौतुकाने मीम केले. मीही केला.

चित्रं सुंदर झालीत, त्यावर शेकडो लोकांनी मेहनत केली आहे आणि त्या मेहनतीचे पैसे मिळायला हवेत. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, वीस वर्षांचा कोड उघडून तो नव्या मशीनवर चालवणं काय असतं हे मला माहीत आहे. आमच्याकडे आठ वर्षांचा कोड उघडायला लोक घाबरतात. बेथेस्डाने जुना ऑब्लिव्हियन दुकानातून काढला नाही, हेही चांगलं केलं. पण नव्या आवृत्तीत फेरफार करायला, म्हणजे मॉड करायला, कंपनीचा अधिकृत पाठिंबा नाही. २००२ मध्ये मॉरोविंडच्या पीसी आवृत्तीबरोबर कंपनीने स्वतःचं संपादनाचं साधन, कन्स्ट्रक्शन सेट, डबीतच दिलं होतं. घ्या, आमचं बेट उघडा, तुम्हाला हवं ते बांधा. त्या एका निर्णयावर लोक आजही काम करतायत. 'टॅमरिएल रीबिल्ट' नावाचा प्रकल्प वीसहून अधिक वर्षं व्हार्डनफेलच्या शेजारचा मुलूख बांधतोय, फुकट, हौसेने. 'ओपनएमडब्ल्यू' नावाने लोकांनी गेमचं इंजिनच नव्याने लिहिलं. तुमच्या प्रतीतल्या डेटा फायली त्याला दिल्या की मॉरोविंड अँड्रॉइड फोनवरही चालतो. लोकांनी या विहिरी खोदल्या, कारण वावरात शिरायला बंदी नव्हती.

उलट्या बाजूचीही उदाहरणं आहेत. 'वॉरक्राफ्ट ३' ची नवी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा ज्यांच्याकडे जुना गेम होता त्यांच्याही माथी नवा क्लायंट मारला गेला. 'जीटीए'चे तीन जुने गेम २०२१ मध्ये नव्या रूपात आले आणि जुने डिजिटल दुकानांतून उचलले गेले; लोक भडकले तेव्हा पीसीवर परत ठेवावे लागले. 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिला १० लाखांच्या वर सह्या मिळाल्या. आपल्याकडे त्याच महिन्यात लोक सेलचे स्क्रीनशॉट टाकत होते.

इथे माझे मित्र म्हणतात, हे श्रीमंत देशांचे चोचले. आपल्याला परवडलं पाहिजे, बस. आपण गरीब बाजार, आपल्याला सूट द्या, आपण चोरी सोडू.

मग पोलंडची गोष्ट ऐका. नव्वदच्या दशकातला पोलंड आपल्यासारखाच होता, रस्त्यावर चोरीच्या सीडी, खरा माल महाग आणि परका. वॉर्सातल्या दोन मित्रांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाने गेम आयात करून विकायचा धंदा काढला. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा प्रचंड मजकुराचा गेम घेतला. चोरीच्या सीडीशी किमतीत स्पर्धा करणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी तो सगळा पोलिशमध्ये आणला, नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज घेतले, डबीत नकाशा आणि पुस्तकं घातली. पहिल्या दिवशी १८ हजार प्रती गेल्या. याच कंपनीने पुढे पोलिश कादंबऱ्यांवरून 'विचर' केला, जो आज जगभर खेळतात. आणि याच कंपनीने २००८ मध्ये जीओजी हे दुकान काढलं, जिथून इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो, कुलूप नाही. कागदावर जीओजीसुद्धा परवानाच देते. पण फाइल हातात असते, आणि ती परत न्यायला माझ्या घरी कुणी येऊ शकत नाही.

पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्याही आत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. एल्डर स्क्रोल्स मालिकेत मराठीचा एक शब्द नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा माझ्या त्याच ग्रुपवर ढोलताशांचे जीआयएफ पडले होते. मी पण टाकला. त्या पोरांपैकी सहा जण गेमिंग लॅपटॉप बाळगून आहेत, आणि गेममध्ये मराठी अक्षर उमटवायला काय लागतं हे एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मला कळलं ते माझ्या चुलतभावामुळे. तो तेरा वर्षांचा, दारव्ह्यालाच असतो, मराठी शाळेत. गेल्या वर्षी माझा जुना लॅपटॉप त्याला दिला, जीओजीवरून पुन्हा घेतलेला मॉरोविंड त्यात टाकून. आठवड्याने फोन आला, "दादा, हे बाई काय म्हणून राह्यली? कुठं जा म्हणते?" तीच बालमोरा, तोच रस्ता, तेच धुकं. सोळा वर्षांत सायबर कॅफे गेला, फायबर आलं, आणि पोरगं त्याच पुलापाशी अडलेलं.

म्हटलं, मी इंजिनिअर आहे. पहिल्या गावापासून त्या पुलापर्यंतचे संवाद मराठीत करून देतो. दोन शनिवार-रविवारांचं काम.

सहा महिने लागले. भाषांतर सोपं गेलं, अडलं ते अक्षरांत. २००२ च्या त्या गेमला युनिकोड कळत नाही. अक्षरांसाठी त्याच्याकडे २५६ खण आहेत. एका खणात एक चित्र, आणि चित्रं डावीकडून उजवीकडे ओळीने लावायची, एवढंच त्याला येतं. 'कि' लिहायचं तर वेलांटी क च्या आधी दिसते पण युनिकोडमध्ये क च्या नंतर साठवलेली असते. 'स्त्री' लिहायला स, पाय मोडायची खूण, त, पुन्हा खूण, र आणि ईकार, आणि या सगळ्यांचं मिळून एक रूप करायला वेगळी यंत्रणा लागते. ती या इंजिनात नाही. मी आठवडाभर डोकं फोडलं आणि सोडून दिलं.

मग दिवाळीत घरी असताना बहिणीच्या लग्नाची पत्रिका करायला गावातल्या डीटीपीवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, पंचवीस वर्षं पत्रिका, बिलबुकं आणि निवडणुकीची पत्रकं करतोय. तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत होता, युनिकोडच्या आधीच्या, आणि वेलांटी आधी मारून मग क मारत होता. अर्धा स वेगळा, काना वेगळा. मी थांबवून विचारलं, भाऊ, या फॉन्टमध्ये एकूण अक्षरं किती? तो म्हणाला, "दोनशेच्या वर काही जागाच नाही ना बाप्पा. इंग्रजीच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले आहेत. तुकडे जोडत जायचं."

आम्ही युनिकोडवाले ज्या फॉन्टना हसतो, त्यांनी नेमका हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी सोडवला होता. २५६ खण, डावीकडून उजवीकडे, एका खणात एक तुकडा. त्या फॉन्टवर दुसऱ्याची मालकी आहे म्हणून तो तसाच उचलला नाही, पण पद्धत उचलली. तुकडे मी काढले, कुठला मात्रा किती मागे सरकवायचा हे डीटीपीवाल्या भाऊंनी सांगितलं. गेमच्या फॉन्ट फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याची रुंदी आणि सरकवायचे आकडे लिहिता येतात. तीन रविवार आम्ही दोघं त्यांच्या दुकानात ते आकडे बसवत होतो. पैसे घेतले नाहीत. "पाह्यलं तर पाहिजे कसं दिसते," म्हणाले.

दुसरा घोळ विभक्तीचा. मॉरोविंडमध्ये संवादातले ठरावीक शब्द आपोआप निळे होतात, त्यावर दाबलं की पुढचं बोलणं सुरू होतं. इंजिन शब्द जसाच्या तसा शोधतं. इंग्रजीत ठीक. मराठीत 'मंदिर' हा विषय असेल आणि वाक्यात 'मंदिरात' किंवा 'मंदिराच्या' आलं की चित्रच बदलतं. 'घोडा' चं 'घोड्याला' झालं की इंजिनाला ओळखच पटत नाही. यावर उपाय सापडला तो पोलिश आणि रशियन आवृत्त्यांमुळे. त्या भाषांनाही विभक्ती आहेत, म्हणून भाषांतरित आवृत्त्यांसाठी एक जास्तीची यादी इंजिनला देता येते की हे रूप म्हणजे हा विषय. आमच्यासाठी कुणी केलेली नव्हती, पण दुसऱ्यांसाठी केलेली वाट उघडी होती.

हे सगळं मी करू शकलो कारण फायली माझ्या डिस्कवर होत्या आणि कंपनीने दिलेल्या साधनाने उघडत होत्या. कुलूपबंद, दर शुक्रवारी आपोआप बदलणाऱ्या, उद्या दुकानाने काढून घेतली तर नाहीशा होणाऱ्या प्रतीवर मी सहा महिने घातले असते का? तुम्ही घातले असते का? ठेक्याच्या वावरात विहीर कोण खोदतं?

"इंग्रजी शिकू दे ना त्याला, गेममुळे शिकेल," हा ग्रुपवरचा शेवटचा मुद्दा होता. मी शिकलोय गेममुळे, थोडंफार. 'आउटलँडर' हा शब्द मला शाळेच्या आधी मॉरोविंडने शिकवला, आणि त्यातल्या शिव्या आठवीत वर्गात लोकप्रिय केल्या. पण आम्ही तिघं होतो त्या खुर्चीवर. एक इंजिनिअर झाला, म्हणून त्याचीच गोष्ट सांगितली जाते. बाकी दोघांनी तिसऱ्या उन्हाळ्यात गेम सोडला आणि परत धरला नाही. वॉर्सातल्या पोराला कुणी म्हणालं नाही की आधी इंग्रजी शीक, मग गोष्ट ऐक.

तेव्हा सेल लागला तर जरूर घ्या. कंपन्यांना पैसे द्या, पायरसी करू नका; सायबर कॅफेतला तो काळ मला गोड आठवतो, पण त्याचं तत्त्वज्ञान करणार नाही. फक्त पैसे भरायच्या आधी बघा की ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो का. मूळ आवृत्ती नव्याबरोबर मिळते का. मॉडला परवानगी आहे का. नसेल तर सत्तर काय, नव्वद टक्के सूटही तुमच्या कामाची नाही, आणि तसं त्यांना लिहून कळवा. बेथेस्डाने 'अरीना' आणि 'डॅगरफॉल' हे मालिकेतले पहिले दोन गेम फुकट सोडले आहेत, त्यामुळे हे अगदी न ऐकणाऱ्या लोकांशी बोलणं नाही. मराठीत द्या, अशी विनवणी मी कुणालाच करत नाही. आम्ही करून घेऊ. दार उघडं ठेवा, एवढंच मागा.

मे महिन्यातल्या त्या दुपारी, ग्रुपवर जुंपलेली असताना, चुलतभाऊ बाजूला पंख्याखाली बसून खेळत होता. त्याच्या डायरीत माझं मराठी होतं. 'खोरं' त्याला आवडलं नव्हतं, त्याच्या आग्रहाने मी 'नाला' केलं होतं. 'धुऱ्यानं वर चढ' हे मी गंमत म्हणून लिहिलं होतं, ते त्याने काढू दिलं नाही. तो पाट्यांपाशी वळला, टेकडी चढला, नाल्यात उतरला आणि त्या पुलावर जाऊन उभा राहिला. मी सोळा वर्षांनी तो पूल पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या खेळात पाहत होतो.

मग त्याने नकाशा उघडला. वर बेटाचं नाव मी मराठीत बसवलं होतं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"दादा, याच्यात आपल्या गावातला 'व्हा' आहे."

होता. अर्धा व, मग ह, मग काना, तीन तुकडे. आणि ह च्या पोटात अर्धा व थोडा घुसत होता, ते दारव्ह्यातल्या भाऊंच्या लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन त्यांच्या दुकानात गेलो.